चातुर्मासाचा नेम : सोडण्याचा आणि धरण्याचा

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा भरला आहे. आमच्या त्र्यंबकेश्वराहून ज्येष्ठात निघालेली श्रीनिवृत्तिनाथांची पालखीही तेथे विसावली आहे. ज्यांस वारी घडली नाही ते गोदास्नान करून पंचवटीत काळारामाच्या पायरीवर माथा टेकतील आणि तेथूनच विठोबास हात जोडतील. आजपासून देव शयन करतात आणि भक्ताने जागे राहावयाचे असते. म्हणून आज सायंकाळी घरोघरी एक प्रश्न हमखास निघेल : यंदा चातुर्मासाचा नेम काय धरावयाचा?

प्रश्न जुना आणि त्याची उत्तरेही बहुधा ठरलेली. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करील, कोणी वांगे, कोणी चहा. कोणी एकभुक्त राहील, कोणी पानावर जेवील. यास शास्त्राचा आधार आहे. श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल म्हणजे डाळी-कडधान्ये सोडण्याची व्रते आपल्याकडे परंपरेने चालत आली आहेत. ती आचरणाऱ्यांविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि इतकी वर्षे गोदाकाठी कीर्तनसेवा करताना एक गोष्ट आम्हांस सतत खटकत आली आहे. आपला नेम दिवसेंदिवस केवळ सोडण्याचा नेम होत चालला आहे. काय खाणार नाही याची यादी प्रत्येकापाशी असते. रोज काय करणार याची यादी क्वचितच. (ज्या एकादशीला आपण उपवास म्हणतो तिची गत ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीने केव्हाच सांगून ठेवली आहे, तेव्हा सोडण्याच्या बाजूविषयीही फार फुशारकी नको.)

चंचल मनाला आवरावे कसे, या प्रश्नाला गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी दोन साधने सांगितली, अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात हीच दोन साधने सांगितली. दोन्ही ठिकाणी अभ्यासाचा उल्लेख आधी आहे, हे संस्कृताच्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावे. आपण मात्र वैराग्याचा अर्धा भाग भाजीच्या पाटीपुरता सांभाळला आणि अभ्यासाचा अर्धा भाग सोडून दिला. वांगे सोडल्याने मोकळी झालेली जागा कशाने भरावयाची, हे ठरविलेच नाही तर चार महिन्यांनी कार्तिकात पुन्हा वांगेच येऊन बसते. मनुष्य आषाढात होता तेथेच असतो.

पूर्वी असे नव्हते. आमच्या माताभगिनींचे गोपद्मांचे व्रत पाहावे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज देवापुढे, तुळशीपाशी गाईच्या पावलांची तेहतीस चिन्हे रांगोळीने काढावयाची. असे पाच वर्षे करून मग उद्यापन. चातुर्मासाचे दिवस साधारण ११८. रोज तेहतीस, म्हणजे एका चातुर्मासात ३,९००च्या आसपास गोपद्मे आणि पाच वर्षांत १९,०००हून अधिक. आता विचार करावा : एकच आकृती एकोणीस हजार वेळा चिमटीतून सोडणाऱ्या बाईच्या बोटांना काय येणार नाही? पहिल्या आषाढात रेघ थरथरते, कोठे जाड, कोठे बारीक होते. पाचव्या कार्तिकात तीच बाई बोलता बोलता, नातवाला रागे भरता भरता, अंगणभर रांगोळी घालते आणि तिची एक रेघ चुकत नाही. व्रत सांगणाऱ्याने पुण्याचा लोभ दाखविला आणि पदरात कला घातली. या घराघरांतील कलेला कोणी पारितोषिक दिले नाही, ती सकाळी काढली आणि दुपारी पुसली गेली, पण ती काढणारीचा दिवस रिता गेला नाही.

रिता दिवस हीच आजची व्यथा आहे, असे आमचे मत झाले आहे. कीर्तन आटोपल्यावर मंडळी भेटावयास थांबतात. निवृत्त गृहस्थ असतात, नोकरी करणाऱ्या सुना असतात, महाविद्यालयातील मुलेही असतात. तक्रार निरनिराळ्या शब्दांत पण एकच : देवाच्या दयेने सर्व आहे, परंतु दिवस मावळतो आणि हाती काही उरत नाही. आम्ही विचारतो, आज हाताने काय केलेत? कंठाने काय केलेत? बहुतेकांनी पाहिलेले असते आणि ऐकलेले असते. दूरदर्शनसंचावर पाहिलेले, आता खिशातील यंत्रावर पाहिलेले. घेतलेले पुष्कळ, घडविलेले काहीच नाही. श्रवण ही भक्ती खरीच, पण नवविधा भक्तीतील ती पहिली पायरी. पुढे आठ आहेत. कीर्तनकाराने हे सांगणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय आणणे होय, तरी सांगितले पाहिजे. नुसते ऐकून घरी जाणाऱ्या श्रोत्यापेक्षा ऐकलेले एक पद घरी जाऊन स्वतःच्या बेसूर का होईना आवाजात म्हणणारा श्रोता आम्हांस अधिक प्रिय आहे.

यावर सुशिक्षितांचा आक्षेप ठरलेला असतो. नवनिर्मिती ही प्रतिभेची गोष्ट. ती नेमाने, घड्याळ लावून होते काय? या आक्षेपाला उत्तर शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. नाशिकच्याच तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, गुरुवारी, लेखनास आरंभ केला आणि १३ फेब्रुवारीस सोमवारी पहाटे पुस्तक हातावेगळे झाले. अवघे पाच दिवस! आक्षेपकास वाटेल, हा तर आमच्याच बाजूचा पुरावा. पण थोडे मागे जाऊन पाहावे. आदल्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. २१ फेब्रुवारी १९३२ ला आरंभ आणि १९ जूनला समाप्ती. दिवस मोजले तर सुमारे चार महिने, जणू एक चातुर्मासच. ती प्रवचने बसून उतरून घेणारा हात साने गुरुजींचा होता. दर आठवड्यास दुसऱ्याचे गहन बोलणे कान देऊन ऐकावे, ते जसेच्या तसे कागदावर धरावे, हा जो सराव त्या हाताला झाला, त्यानंतर आठच महिन्यांनी नाशिकचे ते पाच दिवस आले.

आणि दुसरे अधिक महत्त्वाचे. त्या पुस्तकात आहे तरी काय? मोठे पराक्रम नाहीत, राजवाडे नाहीत. एक गरीब कोकणी घर आहे आणि त्या घरातील माउलीचे रोजचे लहान लहान वळण आहे. न्हाऊन झाल्यावर पायांना माती लागू नये म्हणून आईचे लुगडे दगडावर पसरावयास लावणारा हट्टी मुलगा आणि पायांइतकेच मनाला जप असे त्याला सांगणारी ती आई, हा प्रसंग महाराष्ट्रातील कोणत्या घरास ठाऊक नाही? त्या माउलीने पुस्तक लिहिले नाही. तिने स्नान, फुले, देवपूजा, शेजारधर्म या रोजच्या गोष्टींत एक वृत्ती वर्षानुवर्षे ओतली. पाच दिवसांत कागदावर उतरले ते अशा रीतीने अनेक वर्षे साठत होते. विहिरीला पाणी एका रात्रीत लागलेले दिसते. झरा कधीपासून वाहत होता हे कोण पाहतो?

साने गुरुजींनीच पुढे ‘स्त्रीजीवन’ या नावाने बायकांच्या ओव्या गोळा करून प्रसिद्ध केल्या, हा योगायोग नव्हे. जात्यावरची ओवी हे आमच्या मते मराठीतील नेमाचे सर्वांत मोठे काव्य आहे. पहाटे उठून दळावयाचे, हे काम टळण्यासारखे नव्हते. त्याच कामाच्या लयीला बाईने शब्द जोडले. काल गायिलेल्या ओवीत आज एक शब्द बदलला, परवा भाऊ भेटून गेला तो तिच्यात आला, पुढच्या महिन्यात विठोबा आला. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा ओव्या जमविण्याचे काम केले, त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. या लाख ओव्या रचणाऱ्यांत कवयित्री म्हणवून घेणारी कोणी नव्हती आणि बहुतेकींस अक्षरओळखही नव्हती. जाते होते, पहाट होती आणि खंड नव्हता. आता पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. दळणे पुन्हा आणावे असे कोणी म्हणणार नाही. पण दळणासोबत पहाटेची ती ओवी गेली आणि तिच्या जागी आपण दुसरे काही बसविले नाही, एवढे तरी मान्य करावे.

विद्वानांच्या राज्यातही हाच नियम. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे मुंबईत वकिली करणारे गृहस्थ. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या संपादनास प्रास्ताविक म्हणून धर्मशास्त्राचा थोडा इतिहास लिहावा, एवढाच मूळ विचार. त्याचे पाच खंड झाले. पहिला १९३० साली निघाला, शेवटचा १९६२ साली. पाने सुमारे साडेसहा हजार. १९६३ साली त्यांस भारतरत्न मिळाले तेव्हा वय ८० च्या पुढे गेले होते. आम्ही एकदा सहज गणित मांडले. बत्तीस वर्षांचे दिवस ११,७०० च्या घरात जातात. म्हणजे रोजचे अर्ध्या पानाहून किंचित अधिक! अर्थात त्या अर्ध्या पानामागे वाचलेल्या शेकडो पोथ्या आहेत, ते कोणाही येरागबाळ्याचे काम नव्हे. परंतु मापाकडे पाहावे. जे माप आपण ‘इतक्याने काय होणार’ म्हणून हसण्यावारी नेतो, त्याच मापाने धर्मशास्त्राचा हिमालय रचला गेला.

मोरोपंतांविषयी आम्हां कीर्तनकारांस पक्षपात आहे, तो वाचकांनी सोसावा. बारामतीस पुराणिकाची चाकरी करीत या पुरुषाने १०८ रामायणे रचली, अशी त्यांची ख्याती. रामकथा एकच आणि ती सर्वांस पाठ. मग नवे काय? ते दर खेपेस स्वतःला एक लहानसे बंधन घालून घेत. निरोष्ठ रामायणात तर ओठांस ओठ लागणारे अक्षरच येऊ द्यावयाचे नाही, असा पण! बंधनाने प्रतिभा आखडते असे म्हणणाऱ्याने ते एकदा मोठ्याने म्हणून पाहावे.

आता समर्थांचे नाव घेतल्यावाचून नाशिककराचे पाऊल पुढे पडणार नाही. टाकळीस गोदा-नंदिनीच्या संगमावर बालवयातील समर्थांनी १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे तपश्चर्या केली. तेरा कोटी जप, हा आकडा आपण सारे भक्तीने सांगतो आणि ऐकणारा आ वासतो. पण आ वासणारा मनुष्य स्वतः काही करीत नाही, हा आमचा अनुभव आहे. आम्ही म्हणून कीर्तनात अलीकडे कोटींपेक्षा त्या पाण्याविषयी अधिक बोलतो. रोज तेच पात्र, तीच वेळ, श्रावणात वाढलेले पाणी, माघातले गार पाणी, आणि रोज उतरावयाचे. आणखी एक गोष्ट सांगतो. समर्थांच्या हातची म्हणून जतन केलेली वाल्मीकिरामायणाची प्रत धुळ्यास आहे. वाल्मीकिरामायण म्हणजे २४,००० श्लोक. स्वतः काव्य रचण्याचे सामर्थ्य असलेल्या पुरुषाने दुसऱ्याचे काव्य अक्षर अक्षर उतरून काढावे! नव्याने काही घडविण्याआधी हाताला चांगल्याची सवय लावण्याचा हा प्राचीन मार्ग आहे आणि तो आजही कोणास बंद नाही.

आपल्या गावची तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे त्यांस अधिक सांगावयास नको. हंडा मठारताना एक ठोका पाहिला तर काहीच झाले नाही असे वाटते.

पतंजलींकडे पुन्हा वळू. अभ्यास दृढ व्हावयास त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : तो दीर्घकाळ असावा, त्यात खंड नसावा आणि तो सत्काराने, म्हणजे आदराने केलेला असावा. पहिल्या दोन सर्वांस कळतात. तिसरी मात्र आपण विसरतो आणि म्हणूनच नेम यांत्रिक होतो, ही तक्रार उद्भवते. जपमाळ ओढताना डोळे दाराकडे असणे हा नेमाचा दोष नव्हे, तो अनादराचा दोष आहे. आदर म्हणजे काय फार मोठे? वहीला पुठ्ठा घालणे, बसण्याची जागा झाडून घेणे, तेवढा वेळ ते यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवणे. इतक्यानेही मनाला कळते की आता काही निराळे आहे.

खंडाविषयी मात्र पुष्कळ भाविकांच्या मनात भीती असते. एक दिवस चुकला, नेम मोडला, आता पुढच्या वर्षी. असे म्हणून श्रावणातच पुष्कळांचा चातुर्मास संपतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांना रोज एक लहान गोष्ट करावयास सांगून अभ्यास केला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. कोणी फळ खाणे, कोणी पाणी पिणे, कोणी थोडे धावणे निवडले, आणि ते रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगास जोडले. गोष्ट अंगवळणी पडावयास सरासरी ६६ दिवस लागतात, असे आढळले. कोणास १८ पुरतील, कोणास २५४ लागतील, असेही त्यांच्या गणितात निघाले. एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यास विशेष बाध येत नाही, हेही दिसून आले. आमच्या पूर्वजांनी ११८ दिवसांचा अवधी योजिला तो काही या हिशेबाने नव्हे, आणि तसा दावा करणे आम्हांस रुचत नाही. परंतु बहुतेकांस पुरेल एवढा तो आहे, यात समाधान मानावे. चुकलेल्या दिवशी देवापुढे नमस्कार करावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. दोन दिवस लागोपाठ मात्र चुकू देऊ नये, असे आमचे सांगणे आहे.

नेम लहान असावा, यावर आमचा कटाक्ष आहे. आषाढीच्या उत्साहात मनुष्य संपूर्ण ज्ञानेश्वरीचे पारायण बोलतो आणि नागपंचमीपर्यंत थकतो. त्यापेक्षा रोज पाच ओव्या वहीत सुवाच्य लिहाव्यात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांहून थोड्या अधिक. चातुर्मासानंतरही हे लेखन चालू ठेवले तर पाच वर्षांच्या आत संपूर्ण ग्रंथ स्वतःच्या अक्षरात तयार होतो. मनाचे श्लोक २०५ आहेत. रोज दोन पाठ केले तर ते १०३ दिवसांत, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या आधीच होतात आणि उजळणीस पंधरवडा उरतो. ज्यास पाठांतर जमत नाही त्याने रोज एक फूल किंवा पान पाहून कागदावर काढावे. पावसाळ्यात गोदाकाठी काय कमी आहे? ज्यास लिहिता येते त्याने दिवसाकाठी चार ओळी स्वतःच्या लिहाव्यात, दाखविण्यासाठी नव्हे. ताप आला असता, पाहुणे आले असता, प्रवासात असता जेवढे करता येईल तेवढाच नेम बोलावा. आणि त्यास दिवेलागणीची वेळ जोडावी. तुळशीपाशी दिवा लावला की वही उघडावयाची, म्हणजे वेगळी आठवण लागत नाही.

एक शब्द घरातील पुरुषांसाठी. व्रते बायकांनी करावयाची आणि त्यांचा फराळ पुरुषांनी करावयाचा, ही वाटणी आता पुरे झाली. सून कचेरीतून येऊन स्वयंपाकास लागते आणि तिच्यावरच गोपद्मेही टाकावयाची, हा न्याय नव्हे. ज्या घरी सेवानिवृत्त आजोबा वर्तमानपत्राची घडी चौथ्यांदा उलगडतात, त्या घरी यंदा गोपद्मे त्यांनी काढावीत, वाती त्यांनी वळाव्यात. शास्त्रात यास कोठे बाध आल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. पहिले आठ दिवस रेघ वाकडी येईल आणि घरातील मुले हसतील. हसू द्यावे, मुलेही मग चिमटीत रांगोळी धरावयास येतात.

राहिली उद्यापनाची गोष्ट. कार्तिकात द्वादशीस जे सोडले ते दान देऊन मगच पुन्हा घ्यावयाचे, असा परिपाठ आहे. धरण्याच्या नेमाचे उद्यापन कसे करावे, असे आम्हांस गेल्या वर्षी एका श्रोत्याने विचारले. आम्ही सांगितले की ती वही देवापुढे ठेवावी, हळदकुंकू वाहावे आणि घरातील सर्वांत लहान मुलाकडून तिचे कोणतेही एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. मूल वाचता वाचता ज्या ओळीस अडखळेल ती ओळ आपण त्याला म्हणून दाखवावी. वहीत काही कोरी पाने उरली असतील, ती फाडू नयेत. दुसऱ्या दिवशी दिवा लागतोच.